चार माणसांच्या लहान ऑफिसला नवा डेटा संरक्षण कायदा लागू होतो का, आणि आत्तापासून त्यावर खर्च करावा का?

लागू होतो. नोकर कमी असले किंवा उलाढाल लहान असली तर सूट, अशी मर्यादा 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घातलेली नाही. सरकारला अधिसूचना काढून स्टार्टअपसह काही व्यवसायांना ठरावीक कलमांतून वगळता येते हे खरे. पण कधी तरी निघेल अशा अधिसूचनेच्या भरवशावर राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. बोरिवलीत तुमचा एसी दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि सल्लागाराने "2027 पर्यंत बघायची गरज नाही" असे सांगितले आहे, असे तुम्ही लिहिता. खरे तर त्या एका वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो. असेच वाक्य, साल तेवढे निराळे, मी माझ्या भागीदारांच्या तोंडून बरीच वर्षे ऐकले आहे.

सल्लागाराचा हिशेब कागदावर बरोबर आहे. राष्ट्रपतींची मंजुरी 11 ऑगस्ट 2023 रोजी मिळाली, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतल्या बहुतेक बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे 2027 येतो. पण संगणकातून माहिती फुटली तर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचा निर्देश 2022 पासूनच अमलात आहे, तो त्यांनी तुम्हाला सांगितला का? शिवाय ज्या ग्राहकांची संमती तुम्ही आधीच घेतली असेल, त्यांनाही कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागणार आहे. म्हणजे आज जी यादी तुम्ही वाढवत आहात, तीही उद्या या कायद्याखाली येणारच.

दादरला आमचे सहलींचे ऑफिस होते. भागीदार म्हणजे माझे आतेभाऊ, माझ्याहून वयाने मोठे. परदेशी सहलीच्या व्हिसासाठी प्रवाशाकडून काय काय घ्यावे लागते याची बाहेरच्यांना कल्पना नसते: पासपोर्टच्या पानांच्या प्रती, बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, प्राप्तिकराचे विवरणपत्र, कोणाला मधुमेह आहे, कोणाचे गुडघे दुखतात, कोण कोणाबरोबर खोलीत राहणार. हे सगळे ऑफिसच्या एकाच मोबाइलवर व्हॉट्सॲपने यायचे आणि तिथेच राहायचे. सहल संपल्यावर ते पुसून टाकावे, असे मी म्हणालो की उत्तर ठरलेले असे, "आपल्याला कोण विचारतंय?"

मग एके दिवशी गिरगावातल्या एक निवृत्त शिक्षिका ऑफिसात आल्या. आमच्याबरोबर त्यांच्या तीन-चार सहली झालेल्या, प्रत्येक वेळी महिला मंडळातल्या मैत्रिणींना घेऊन येणाऱ्या. त्यांनी पिशवीतून रेघांची वही काढून काउंटरवर ठेवली. डावीकडे तारीख आणि वेळ, मध्ये फोन करणाऱ्याने सांगितलेले नाव, उजवीकडे तो काय बोलला ते, आणि जिथे त्याने विमा पॉलिसीचा विषय काढला तिथे लाल पेनाने खूण. भाऊंनी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, हल्ली सगळ्यांनाच असे फोन येतात." त्यावर बाई म्हणाल्या, "येतात. पण माझी ठेव कोणत्या बँकेत आहे, हे त्यांना ठाऊक नसतं."

प्रवाशांची यादी, आणि तिच्याबरोबर बँकेची स्टेटमेंट असलेले अख्खे फोल्डर, भाऊंनी विम्याचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना देऊन टाकले होते. पैसे घेतले नव्हते, असे ते आजही छातीठोकपणे सांगतात, जणू फुकट दिल्याने काही फरक पडतो. बाईंनी कुठेही तक्रार केली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे नुकसानभरपाईचे कलम 43ए आणि 2011 चे नियम त्या वेळीही होते, परंतु त्यांच्या आधारे भांडायला कोण जाणार? त्यांचे मंडळ मात्र पुन्हा आमच्याकडे आले नाही.

नव्या कायद्याप्रमाणे माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि ते काम संपले व इतर कोणत्या कायद्याने ती जपायला सांगितली नसेल, तर पुसायची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जातो. हा आकडा दाखवून लोकांना घाबरवण्याचा धंदा सध्या जोरात आहे. तो कमाल आकडा आहे, आणि चूक किती गंभीर, किती वेळा झाली, त्यातून फायदा किती झाला हे पाहून या कायद्याखालचे डेटा संरक्षण बोर्ड दंड ठरवणार. मला राग येतो तो निराळ्या गोष्टीचा. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाईल आणि नुकसानभरपाईचे ते जुने कलम 43ए नवा कायदा काढूनच टाकतो. त्या बाईंच्या हाती यातले काही येणार नाही.

तुमच्या खर्चाविषयी बोलायचे तर सॉफ्टवेअर आणि "प्रमाणपत्र" विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. असे प्रमाणपत्र घेण्याची सक्ती कायद्यात नाही, आणि डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमण्याचे बंधन सरकार ज्यांना मोठे म्हणून अधिसूचित करील त्यांच्यावरच आहे. तुमचे खरे दुखणे कंत्राटी मेकॅनिक हे असणार: ग्राहकाचा पत्ता, फ्लॅट नंबर, घरी कोण कधी असते, हे सगळे त्यांच्या खाजगी मोबाइलवर जाते, आणि तुमच्या वतीने काम करणाऱ्याने घोळ घातला तरी करारात काहीही लिहिलेले असो, जबाबदारी तुमचीच राहते. ग्राहकाला द्यायची सूचना त्याला हवी असल्यास मराठीतूनही मिळाली पाहिजे. तेव्हा इंग्रजी मसुदा कुठून तरी उतरवून घेण्यापेक्षा साधे एक पान मराठीत लिहून काढा.

मात्र हे वाचून आजच सगळे पुसायला बसू नका. जीएसटीची बिले ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवावीच लागतात, आणि काही नोंदी किमान एक वर्ष राखण्याचे कलम या नियमांतही आहे. मी वकील नाही. नेमके काय ठेवायचे ते वकिलाला विचारा, त्या सल्लागाराला नव्हे.

आणि तुमच्या व्यवसायात भागीदार असेल तर तो बाहेर पडताना ग्राहकांच्या यादीचे काय होणार, हे करारात लिहून त्याची सही घ्या. भाऊंचे म्हणणे असे की यादी घाम गाळून जमवली, तेव्हा निम्मी त्यांची. बाईंनी पासपोर्ट व्हिसासाठी दिला होता, आम्हां दोघांच्या वाटणीसाठी नव्हे, हे मी त्यांना नातेवाइकांसमोरही सांगितले आहे. आमच्या करारात ऑफिसातले कपाट कोणी न्यायचे हेसुद्धा लिहिले होते, यादीबद्दल अक्षरही नव्हते. वेगळे होताना ती यादी भाऊ मोबाइलमध्ये घेऊन गेले, आणि आमच्या जुन्या प्रवाशांना दिवाळीच्या शुभेच्छा अजून दोन्ही ऑफिसांतून जातात.