तो, तो आणि ते : दोन तरुणांच्या सिंड्रेलाची मराठी

प्रश्न असा आला आहे : ‘सिंड्रेलाची गोष्ट मी दोन तरुणांची प्रेमकथा म्हणून मराठीत लिहितो आहे. सिंड्रेलाच्या जागी सावत्र आईच्या घरात राबणारा मुलगा, राजपुत्र आहे तसाच. पण प्रत्येक वाक्यात “त्याने त्याला” येतं आणि कोण कोणाला ते कळेनासं होतं. सारखी नावं घेतली तर गोष्ट रटाळ होते. शिवाय या दोघांना जोडी म्हणायचं, जोडा म्हणायचं की जोडपं?’

अडचण खरी आहे. ‘त्याने तिचा हात धरला’ यात सर्वनामंच माणसं वेगळी ठेवतात, ‘त्याने त्याचा हात धरला’ यात ती सोय नाही. संवादातही तेच होतं. ‘मी जाते आता.’ ‘थांब ना, मी सोडायला येतो.’ इथे कोण बोललं हे सांगावं लागत नाही, क्रियापदातच आहे. दोघेही ‘येतो-जातो’ म्हणणारे असले की ही खूण गेली. पण म्हणून मराठी या गोष्टीला अपुरी पडते असं नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, एक राजा, त्याला दोन राण्या, दोघीही ‘ती’. तिथे नावं नाहीत तरी कधी गोंधळ होत नाही, कारण एक आवडती आणि एक नावडती. नातं हीच ओळख, आणि ती कितीही वेळा आली तरी कानाला खटकत नाही, उलट लय येते. परीकथेत ‘राजपुत्र’ हा शब्द दहादा आला तर बिघडत नाही. कादंबरीत बिघडेल.

दुसरं साधन ‘आपला’. ‘राजपुत्राने आपला हात त्याच्या हातात दिला’ यात शंकेला जागाच नाही, कारण ‘आपला’ कर्त्याकडेच वळतो. हल्ली ‘त्याने त्याचा मोबाइल काढला’ असं सर्रास लिहिलं जातं आणि स्त्री-पुरुषांच्या गोष्टीत ते खपूनही जातं. दोन पुरुषांच्या गोष्टीत खपत नाही. ‘आपला’ परत आणा, निम्मा गुंता तिथेच सुटेल.

तिसरं साधन बोलीतलं, ‘हा’ आणि ‘तो’. गावाकडचा माणूस दोघा भावांच्या भांडणाची हकीकत कशी सांगतो ते ऐका : ‘तो म्हणतो चल, हा काय जागचा हलेना.’ सांगणाऱ्याचं मन ज्याच्या बाजूला, तो ‘हा’. तुमच्या गोष्टीत चुलीजवळचा मुलगा ‘हा’ आणि राजपुत्र ‘तो’ ठेवून बघा. ‘तो जिन्यावर उभा, हा खांबाआड.’ नाव नाही, विशेषण नाही, तरी दोघेही स्पष्ट दिसतात. एखादा प्रसंग राजपुत्राच्या मनातून सांगायचा असेल तर तेवढ्यापुरती अदलाबदल करा.

मात्र मराठीजवळ खरी श्रीमंती आहे ती नपुंसकलिंगाची. ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथा-संग्रहातली सिंड्रेला म्हणजे ‘आशनपुटल’. जर्मनमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि मूळ कथेत त्या मुलीसाठी सर्वनामंही बरीचशी तशीच येतात. शेवटी राजपुत्र विचारतो, घरात आणखी मुलगी नाही का? तेव्हा तिचा सख्खा बाप म्हणतो की एक खुरटलेलं आशनपुटल तेवढं आहे, ते काही नवरी व्हायचं नाही. हा तुच्छतेचा सूर मराठी जसाच्या तसा पकडते. ‘ते कार्टं कुठे उलथलं?’ ‘ते ध्यान राजवाड्यात नेता?’ आपल्याकडे माणसाला लहान करायचं झालं की त्याला नपुंसकलिंगात ढकलतात, आणि माया करायची झाली तरी तेच : ‘दमलं गं पोर माझं.’

म्हणून सुचवतो, सावत्र आईच्या घरात त्याला ‘ते पोर’ म्हणा. पोर उठलं, पोराने राख काढली, पोर उपाशी झोपलं. ग्रिमच्या कथेतल्यासारखं आईच्या थडग्यावर लावलेल्या झाडाशी ते रडतं तेव्हाही ‘ते’च, पण सूर मायेचा. आणि राजवाड्यात राजपुत्राची नजर पडते त्या वाक्यात पहिल्यांदा पुल्लिंग वापरा. ‘दारात कोणी तरी उभा होता.’ ‘उभं’चं ‘उभा’ झालं एवढंच, पण वाचणाऱ्याला कळेल की याला आता कोणी तरी पुरा माणूस म्हणून पाहिलं. एकच सांभाळायचं : राजाबद्दलचं आदरार्थी ‘ते’ जवळ आलं तर क्रियापद तपासा. ‘ते आले’ म्हणजे महाराज, ‘ते आलं’ म्हणजे पोर.

नावाचं विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. शार्ल पेरो या लेखकाच्या १६९७च्या फ्रेंच कथेत ‘सांद्रियाँ’ हे मुळात घरच्यांनी ठेवलेलं चिडवण्याचं नाव आहे. घरात एरवी त्याहून शिवराळ नावाने हाक मारतात, धाकटी सावत्र बहीण थोरलीपेक्षा जरा कमी उद्धट म्हणून सांद्रियाँ म्हणते. नॉर्वेच्या लोककथांत तर राखेत बसणारा मुलगाच नायक आहे, आस्केलाद्दन. मराठीत काळ्या, बाळ्या यांच्या चालीवर ‘राख्या’ सुचेल, पण ते टाळा. वाचकाला आधी रक्षाबंधन आठवेल, आणि प्रेमकथेत ती आठवण नको. ‘राखोबा’ चालेल. त्यात टिंगल आहे आणि पुढे लाडाने म्हणायलाही जागा आहे.

संवादाचं काम आपण-तुम्ही-तूवर सोपवा. ग्रिमच्या कथेत उत्सव तीन दिवस चालतो. पहिल्या रात्री राखोबा राजपुत्राला ‘आपण’ म्हणेल, दुसऱ्या रात्री ‘तुम्ही’, आणि तिसऱ्या रात्री नकळत ‘तू’ निसटेल. राजपुत्र पहिल्यापासून ‘तू’ म्हणतोय, त्यामुळे कोण बोलतंय हे त्या क्षणापर्यंत कळतं. ज्या क्षणी दोघांची भाषा एकसारखी होते तो प्रेमाचा क्षण, त्यासाठी वेगळं वर्णन लागणार नाही. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना ‘अरे’ म्हणावं. ‘अहो’ आणि ‘अगं’ ही जुन्या घरातल्या नवरा-बायकोची वाटणी आहे. यातल्या एकाला ‘अहो’ म्हणायला लावलंत तर वाचक त्याला बायकोच्या जागी बसवेल, आणि दोन पुरुषांच्या प्रेमाकडे नेमकं याच चुकीच्या पद्धतीने पाहिलं जातं. तुमची गोष्ट त्याला बळी पडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता जोडी, जोडा, जोडपं. जोडी कोणत्याही दोघांची होते, राम-लक्ष्मणाची, बैलांची, तबला-डग्ग्याची. तिच्यात प्रेम असेलच असं नाही. जोडपं म्हणजे संसार मांडलेले दोघं. ‘समलिंगी जोडपं’ आता वर्तमानपत्रांतही रुळलं आहे. शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे आत कोण कोण आहे याची तो चौकशी करत नाही. पण या गोष्टीसाठी मी ‘जोडा’च निवडेन. लक्ष्मीनारायणाचा जोडा, सारसाचा जोडा, म्हणजे प्रेमाने बांधलेले दोघे. आणि पायातलाही जोडाच! सारी कथा एका हरवलेल्या जोड्यावर उभी आहे आणि आपल्या भाषेत त्या वस्तूचं आणि त्या नात्याचं नाव एकच आहे. हे सोडून ‘बूट’ किंवा ‘सँडल’ लिहू नका.

अडचण एकच, जोडाही पुल्लिंगी. ‘त्याने तो त्याच्या पायात घातला आणि तो बसला’ यात बसला कोण? मराठीत सर्वनाम गाळता येतं, ते गाळा : ‘राजपुत्राने सोन्याचा जोडा पुढे केला. राखोबाने तिवईवर बसून जड लाकडी खडाव काढली आणि पाय आत सरकवला. अगदी मापाचा.’ नाचाच्या वेळी दुसऱ्या कोणी सिंड्रेलाला विचारलं की ग्रिमचा राजपुत्र म्हणतो, ही माझ्याबरोबर नाचते आहे. तुमचा म्हणेल, ‘हा माझा जोडीदार आहे.’ शेवट ‘दोघे सुखाने नांदू लागले’ असाच ठेवा. नांदणं एरवी सासरी आलेल्या सुनेकडे जातं, इथे ते दोघांच्या वाट्याला येऊ दे. लिहिताना ‘दोघे’ लिहा. ‘दोघं’ बोलण्यात चालतं, पण लिहिलेलं ‘दोघं’ स्त्री-पुरुषांनाही लागू पडतं.

गोष्टीच्या आत ‘समलिंगी’ हा शब्द आणायची गरज नाही, आटपाट नगरात कोणी कोणाला असं वर्गात बसवत नाही. मुखपृष्ठावर किंवा परिचयात मात्र तो स्वच्छ लिहा, वाचक तो शोधत असतो. ‘समलैंगिक’पेक्षा ‘समलिंगी’ बरा. ‘लैंगिक’ म्हटलं की आजच्या मराठीत आधी शरीरसंबंध मनात येतो, आणि तुमच्या दोघांनी तर अजून नाचच केला आहे.