कर्वेनगरच्या फ्लॅटसाठी 15 हजारांत कुठला आरओ चांगला?

तुम्ही लिहिलंय की पाणी महापालिकेचं आहे, घरात दोन लहान मुलं आहेत आणि डेमो द्यायला आलेल्या माणसाने तुमचं पाणी 'उकळून' दाखवून आठ स्टेजचा अल्कलाइन आरओ गळ्यात मारायला घेतलाय. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण तुम्हाला बहुतेक आरओ लागतच नाही. पण त्या डेमोबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवलं. हाच डेमो कोथरूडला माझ्या धाकट्या जावेकडे माझ्या डोळ्यांसमोर झाला. टीपॉयवर दोन ग्लास. एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्या मुलाने बाटलीतून आणलेलं आरओचं. त्यावर सळ्यांचं एक यंत्र ठेवून त्याने पिन प्लगमध्ये खोचली. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात हिरवट ढग उठले, मग ते तपकिरी झाले, वर फेस आला, खाली गाळ बसला. आरओचं पाणी ढिम्म. जावेने तोंडाला पदर लावला आणि भाऊजींकडे असं बघितलं, की जणू त्यांनीच रोज रात्री टाकीत कालवून ठेवलंय.

मी आत गेले, मिठाची बरणी आणली आणि त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून म्हटलं, आता लाव.

"मॅडम, तसं नसतं करायचं."

"लाव म्हटलं ना."

लावलं त्याने. नळाच्या पाण्यापेक्षा जास्त चिखल झाला. व्हायचाच. यंत्रातल्या काही सळ्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळीचं लोखंड पाण्यात उतरतं, त्याचा हायड्रॉक्साइड आधी हिरवट आणि मग गंजाच्या रंगाचा दिसतो. आरओच्या पाण्यात क्षारच जवळजवळ नसतात, मग वीज वाहणार कशी? तो सगळा गाळ त्याच्या सळीचा होता, खडकवासल्याचा नव्हता. हे मी नववीच्या वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ते शाळेतलं राहू द्या, बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आहे," आणि चेक लिहिला.

तेव्हापासून गौरीच्या जेवणाला दोघं आमच्याकडे येतात ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आमच्याकडचं पाणी चालत नाही म्हणे. वरण, कढी, मसालेभात त्याच नळाच्या पाण्यात झालेला असतो, तो चालतो. मठ्ठा तर भाऊजी मागून मागून घेतात. त्यात पाणी बहुतेक मी हिमालयातून आणून घालते.

आता मुद्द्याचं. पुण्याचं धरणाचं पाणी म्हणजे वेल्हे-मुळशीकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. ते मुळातच मऊ असतं. टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) लावला तर आकडा बहुधा शंभराच्या आतबाहेर दिसतो. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 पर्यंतचं पाणी निर्धास्त चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे. शंभराचं पाणी आरओने दहा-वीसवर आणायचं, मग ते बेचव लागतं म्हणून त्याला टीडीएस कंट्रोलर लावायचा. हा कंट्रोलर दुसरं काही करत नाही, मेम्ब्रेनला, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याला, वळसा घालून आलेलं पाणी परत त्यात मिसळतो. म्हणजे पैसे देऊन काढायचं आणि पैसे देऊन घालायचं. शिवाय साध्या घरगुती मशिनमध्ये एक लिटर प्यायला मिळतं तेव्हा तीनेक लिटर मोरीत जातं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्यातून सोडलेल्या पाण्यावर तावातावाने बोलणारी माणसं आपल्या सिंकखालच्या नळीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सरकारला सांगितलं होतं, की 500 च्या आतल्या पाण्याला आरओवर बंदी घाला. घरोघरी त्याचं काय झालं ते दिसतंच आहे.

तुम्हाला हवं ते जंतूंपासून संरक्षण, आणि त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर, पुरतो. त्याच्या आधी गाळ अडवणारा चांगला सेडिमेंट फिल्टर मात्र हवाच. जुलैमध्ये नळाला गढूळ पाणी येतं आणि गढूळ पाण्यातून यूव्हीचा प्रकाश नीट जात नाही.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडायला लागले तेव्हा भाऊजींचा लगेच फोन. "बघा वहिनी, मी म्हणत नव्हतो?" काय म्हणत नव्हतो? ते दूषित पाण्यातल्या जंतूंचं प्रकरण होतं. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. वीसचा आकडा दाखवणारं पाणीही घाण असू शकतं. त्याच वेळी त्या भागातल्या काही खासगी आरओ प्लांटांचं पाणी खराब निघालं आणि महापालिकेने ते बंद केले, हे सांगितलं तर म्हणे "रेंज जातेय."

आणखी एक कुणी सांगत नाही. मशिनमधला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार राहत नाही. गावाहून आल्यावर ते साठलेलं पाणी आधी ओतून द्या.

वाघोली, उंड्री, पिसोळीवाल्यांनी माझ्यावर धावून येऊ नये. टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या सोसायट्यांचं गणित वेगळं आहे. बादलीला पांढरे थर बसतात, आकडा सहज हजाराच्या घरात जातो, तिथे आरओ घ्याच, यूव्हीने क्षार जात नाहीत. तुमच्याकडेही उन्हाळ्यात खालच्या टाकीत टँकरचं पाणी मिसळत असेल तर माझं अर्धं उत्तर बाद. सेक्रेटरींना विचारा, आणि टाकी शेवटची कधी धुतली तेही विचारून घ्या.

टीडीएस मीटर ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना मिळतो. एकदा आत्ता मोजा, एकदा मे महिन्यात. मे महिन्यात 500 च्या वर गेला तर मला परत विचारा, कुठला घ्यायचा ते तेव्हा सांगेन. अल्कलाइनची स्टेज त्यातही नको, तो नुसता बिल फुगवायचा मार्ग आहे.

भाऊजीही इथली उत्तरं वाचतात. त्यांना दिवाळीत मी असाच मीटर दिलाय. खोकं अजून फोडलेलं नाही, असं जाऊ म्हणाली.