काचेमागचं भांडं

बाळा,

तुझा मेल आणि मातीकामातली समकालीन कला बघायला युरोपभर करायच्या प्रवासाचा तक्ता परवा मिळाला. एकवीस दिवस, अकरा शहरं, आणि प्रत्येक शहरापुढे तीन-चार संग्रहालयांची नावं. तो बघताना मला माझा ऑक्टोबर २०१० आठवला. तेव्हा मीही असाच तक्ता करून निघाले होते. परत आले तेव्हा कॅमेऱ्यात नऊशे फोटो होते, आणि कुंभाराच्या चाकावर बसल्यावर त्यातल्या एकाही भांड्याचं बूड डोळ्यांसमोर येईना. मला फार वाईट वाटलं होतं. तुझं तसं होऊ नये म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी शहरं कमी कर. लंडन, स्टोक-ऑन-ट्रेंट, फाएन्झा आणि व्हेनिस एवढीच ठेव. ड्रेस्डेन खोडताना तुझा जीव वर-खाली होईल, मला माहीत आहे. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१७ साली चिनी पोर्सलिनच्या १५१ नगांसाठी आपले ६०० घोडेस्वार प्रशियाला देऊन टाकले, ही गोष्ट तुला वर्गात मीच सांगितली होती. पण ड्रेस्डेनला आहे तो त्या राजाचा संग्रह, आणि तू आत्ता स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांच्या, जाड काठांशी झगडते आहेस. तो झगडा जिथे पुढे सरकेल तिथे आधी जा. सेव्र, मायसन, डेल्फ्ट ही भांड्यांची बाकीची गावं कुठे पळून जात नाहीत.

कमी शहरं का, ते सांगते. आपल्याकडे माठ घेताना आई काय करते? उचलते, पालथा करते, आत हात घालून फिरवते आणि टिचकी मारते. भांडं कळण्याची रीत ही आहे. संग्रहालयात नेमकं हेच करता येत नाही. काचेमागचं भांडं अर्धंच दिसतं. त्याचं वजन कळत नाही, बूड दिसत नाही, आतला तळ सावलीत जातो. म्हणून काचेपुढे एक दिवस घालवलास की दुसरा दिवस असा ठेव, ज्या दिवशी हातात काहीतरी येईल. लागोपाठ दोन दिवस काचेपुढे काढायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळ.

लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा सिरॅमिक दालनांचा वरचा मजला गाठ. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, त्यामुळे एका दिवसात उरकायची घाई करू नकोस, दोन सकाळी जा. तिथे ल्यूसी री या कुंभार बाईंची काम करायची खोली पुन्हा उभी केलेली आहे, त्यांच्या चाकासकट. १९३८ साली नाझींमुळे व्हिएन्ना सोडून त्या लंडनला आल्या, आणि युद्धाच्या काळात पोट भरण्यासाठी त्यांनी चिनी मातीची बटणं केली. नंतरचे त्यांचे कटोरे बघ. एवढ्याशा बुडावर भला रुंद काठ उभा असतो. एकच कटोरा निवड आणि गुडघे वाकवून त्याचा काठ डोळ्यांच्या रेषेत आण. काठावर मँगनीजचा तपकिरी-सोनेरी पट्टा आहे. तो सरळ कापल्यासारखा संपत नाही, पांढऱ्यात थोडा ओघळतो आणि थांबतो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, कुठे पातळ झालं आणि कुठे दाटलं, ते त्या ओघळाच्या टोकाला दिसतं. सुईने ओरखडलेल्या रेघा असतील तर रेघ कुठे सुरू झाली आणि हात कुठे उचलला, ते शोध. ल्यूसी री कच्च्या भांड्यालाच ब्रशने ग्लेझ लावून एकदाच भाजायच्या, तेही साध्या इलेक्ट्रिक भट्टीत. गॅसची भट्टी नाही म्हणून तू माझ्यापाशी जी कुरकुर करतेस, ती या खोलीसमोर उभी राहून पुन्हा तपासून बघ.

त्याच मजल्यावर मान वर केलीस की घुमटाच्या आत लाल पट्टीवर कुंभार-कलाकार एडमंड डी वाल यांची ४२५ भांडी दिसतील. ती २००९ सालची आहेत. इतकी उंच की एकही धड बघता येत नाही, आणि तसं ते ठरवूनच केलेलं आहे. पहिल्यांदा मला राग आला होता. आता वाटतं, भांड्यांपासूनचं अंतर हाच ज्याचा विषय आहे, असं ते काम आहे. तुला काय वाटतं ते तू ठरव.

हाताचा दिवस लंडनमध्येही मिळेल. त्याच संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस २०२५ मध्ये उघडलं. तिथे साठवणीतल्या पाच वस्तूंपर्यंत मागणी आगाऊ नोंदवता येते, आणि त्या टेबलावर आणून दाखवतात. दोन आठवडे तरी आधी नोंदव. हात लावू देतील की नाही ते वस्तूवर अवलंबून आहे, पण मध्ये काच नसणं हेसुद्धा खूप आहे.

माझ्या त्या फेरीत लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात चिनी कलाकार आय वेवे यांच्या सूर्यफुलाच्या बिया होत्या. दहा कोटी बिया, सगळ्या पोर्सलिनच्या. चीनमधल्या जिंगदेझनला सोळाशे माणसांनी बसून त्या हाताने रंगवलेल्या. लोकांनी त्यांवरून चालावं, मुठीत घ्याव्यात अशी कल्पना होती. पण चालण्याने धूळ उडायला लागली, ती फुप्फुसांना घातक, म्हणून थोड्याच दिवसांत प्रवेश बंद केला. मी पोचले तेव्हा दोरी लागली होती. दोरीपलीकडचा तो करडा पसारा बघत मी बराच वेळ उभी राहिले, आणि मला आपल्या स्टुडिओतली फरशी आठवली. मी तुम्हा सगळ्यांना कोरडा झाडू मारू देत नाही, ओल्या फडक्यानेच पुसायला लावते, ते तेव्हापासून.

याच धुळीने स्टोक या इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या शहराच्या पिढ्या गारद केल्या. तिथे सिलिकोसिसला, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला, ‘पॉटर्स रॉट’ म्हणजे कुंभाराची कीड म्हणायचे. स्टोकला ब्रिटिश सिरॅमिक्स बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं प्रदर्शन, २००९ पासून विषम वर्षांत भरतं, तेव्हा या खेपेला ते नाही. तरी जा. लाँगटनमधलं ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम म्हणजे जुना कारखानाच आहे. तिथे बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्टीत आत शिरता येतं. एके काळी या शहरात अशा दोनेक हजार भट्ट्या होत्या, आता पन्नासही उरल्या नाहीत. आत उभी राहून वर बघ, धुराड्याच्या तोंडाशी आभाळाचा गोल दिसतो. भिंतीला हात लाव. इतकी वर्षं भाजून विटांवर आपोआप चढलेलं ग्लेझ बोटांना लागेल. पंख्याखाली बसून भट्टीची उष्णता दाखवणारे मातीचे कोन बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा तरी तिथे उभं राहायला हवं. समकालीन कला बघायला निघालेल्या मुलीला मी जुन्या कारखान्यात का पाठवते आहे, असं तुला वाटेल. आजचे कलाकार माती मोडतात, कच्ची ठेवतात, फोडतात. ते काय मोडत आहेत हे ठाऊक नसेल, तर ते मोडणं दिसणारच नाही.

तिथून विमानाने बोलोन्या, आणि तिथून रेल्वेने फाएन्झा, पन्नासेक किलोमीटर. ‘फायान्स’ हा शब्द याच गावाच्या नावावरून आला. इथे चार दिवस राहा, माझा आग्रह आहे. १९०८ साली गाएतानो बाल्लार्दिनी यांनी इथलं आंतरराष्ट्रीय सिरॅमिक संग्रहालय उभं केलं. मे १९४४ मध्ये बॉम्ब पडले आणि संग्रहाचा मोठा भाग चक्काचूर झाला. बाल्लार्दिनी तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांनी जगभरातल्या कलाकारांकडे आणि संग्रहालयांकडे हात पसरले, आणि लोकांनी भांडी पाठवली. पिकासोने फ्रान्समधल्या व्हालोरीसहून आपलं काम पाठवलं. जुन्यातलं जे सांधता आलं ते सांधलं. मी फुटलेलं भांडं कधी फेकू देत नाही म्हणून तुम्ही हसता ना? सांधलेल्या एखाद्या भांड्यासमोर उभी राहा आणि जोडाची रेघ नजरेने काठापासून बुडापर्यंत चालून बघ.

इथल्या मायोलिका या रंगीत भांड्यांच्या प्रकारात कथलाचं पांढरं ग्लेझ लावून, ते भाजण्याआधीच त्यावर रंगवतात. ती कोरडी पूड टीपकागदासारखी ब्रशमधला रंग शोषून घेते. रांगोळीची रेघ चुकली तर बोटाने पुसता येते, इथे ती सोय नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या ताटलीवर एका दमात ओढलेलं पान बघशील तेव्हा त्या हाताला मनातल्या मनात नमस्कार कर.

आणि मग आर्जिल्ला. सम वर्षांत सप्टेंबरच्या सुरुवातीला गावाच्या रस्त्यांवर कुंभारांचा हा मोठा बाजार भरतो. तू नेमकी त्याच वर्षी जाते आहेस, तारखा बघून तिकिटं काढ. देशोदेशीचे कुंभार टेबलं मांडून बसतात. ‘पोसो तोक्कारे?’ असं विचार, म्हणजे ‘हात लावू का?’ सहसा नाही म्हणत नाहीत. पाठीवरची सॅक आधी उतरव, अंगठी काढ, दोन्ही हातांनी उचल आणि टेबलाच्या वरच पालथं कर, रस्त्याच्या दगडांवर नाही. बुडाशी ट्रिमिंगच्या, म्हणजे जादा माती कापल्याच्या, खुणा बघ, वजनाचा अंदाज चुकला की का चुकला ते बघ. सोबत तुझ्या भाताच्या तुसाच्या राखेच्या ग्लेझच्या टेस्ट टाइल्स, म्हणजे नमुन्याच्या फरश्या, ने, दहा-बारा पुरेत. तुला इटालियन येत नाही आणि त्यांना मराठी, पण टेबलावर टाइल ठेवलीस की बोलणं सुरू होईल. तापमान विचारतील, कोकणचा भात विचारतील, आणि आपली वही उघडतील. खरेदी एकाच पेल्याची कर, रोज चहा पिता येईल असा.

एक लक्षात ठेव. मे २०२३ मध्ये या गावाला महापुराने दोनदा झोडपलं, गाळाचं पाणी कार्यशाळांमध्ये शिरलं. कोणी त्याबद्दल बोललं तर ऐकून घे, आपणहून उकरू नकोस.

व्हेनिसला कला-बिएनाले बघायला दोन दिवस, त्याच्या दोन जागांपैकी एक जार्दिनीला, एक आर्सेनालेला. दालनं मोजू नकोस. पुढ्यातलं काम समजलं नाही की भिंतीवरचा मजकूर वाचण्याआधी कुंभारासारखी बघ: माती भाजलेली आहे की कच्ची? कुठल्या भट्टीत मावलं असेल? तुकड्यांत भाजलं असेल तर जोड कुठे दडवलाय? २०२२ मध्ये शिल्पकार सिमोन ली यांनी तिथल्या अमेरिकेच्या दालनाला गवताचं छप्पर चढवलं आणि आत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आकृती मांडल्या, काही मातीच्या, काही काशाच्या. त्यातली कुठली भट्टीतून आली आणि कुठली ओतलेली, हे ओळखत गेलं की ते काम उलगडायला लागतं. मजकूर नंतर वाच, तोवर तुझं काहीतरी मत झालेलं असेल.

ब्रिटनचा व्हिसा आणि इटलीसाठीचा शेंगेन व्हिसा वेगवेगळे, अपॉइंटमेंट आत्ताच घे. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, प्रवासाचे दिवस सोमवारी टाक. वही कोऱ्या कागदाची आणि पेन्सिल, पेन नको. फोटो काढायचाच असेल तर चित्र काढून झाल्यावर.

शेवटचं काम माझं आहे. १८७०च्या दशकात आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाची कार्यशाळा चालवली होती. सिंधी धाटणीचं ग्लेझ आणि अजिंठ्यावरून घेतलेली चित्रं, अशी ती मुंबईची भांडी. निघण्याआधी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या कामाची ओळख करून घे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येही ती आहेत. आता कुठल्या कपाटात किंवा साठवणीत आहेत ते त्यांच्या ऑनलाइन यादीत शोध. २०१०च्या त्या फेरीत अगदी अखेरच्या संध्याकाळी मला त्यातलं एक सापडलं होतं. मी चित्र काढायला घेतलं आणि तेवढ्यात दालन बंद करायची सूचना झाली. माझ्या वहीत अजून त्याचं पोट आणि अर्धा काठ आहे. बूड राहिलंय. तेवढं काढून पाठव.

तुझी,
बाई