पाल समोर नसताना नुसती डोळ्यांपुढे आणली तरी छाती का धडधडते? अशी कल्पना करून भीती जाते का?

जाते, बऱ्यापैकी जाते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय ना, 'घरचे म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत', तिथे माझं डोकं फिरलं. माझी ताई हेच म्हणते. चारचौघांत म्हणते, आणि वर हसते.

मनाचे खेळ असतील तर घाम कोणाला फुटतो? पाल डोळ्यांपुढे आणली की मेंदूचा जो भाग प्रत्यक्ष बघायचं काम करतो, तोच बराचसा कामाला लागतो, फक्त माल आठवणीतून येतो. चित्र फिकट असतं, पण तेवढं पुरतं. इन्सुला, अँटिरिअर सिंग्युलेट, अमिग्डला ही मेंदूतली धोक्याची दखल घेणारी मंडळी जागी होतात, ठोके वाढतात, तळहात ओले होतात. (भीतीचं सगळं खापर एकट्या अमिग्डलावर फोडायची फॅशन आहे, ती सोडा.) पाल खरी नाही हे तुम्हाला ठाऊक असतंच. त्या ठाऊक असण्याला इथे कोणी विचारत नाही. खुद्द ताई इंजेक्शनचा विषय निघाला की दंड धरून बसते, तेव्हा सुई कुठे खोलीत असते?

मीही पालीला घाबरणारा. त्यावर उपचार घ्यायला मी ज्या मॅडमकडे गेलो त्यांनी बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला आणि डोळे मिटायला सांगितलं. भिंत बघा. भिंतीवर पाल आहे. भीती शून्य ते शंभर, किती? मी म्हटलं, चाळीस. त्या म्हणाल्या, बरं, आता तिच्या पुढच्या पायाची बोटं मोजा.

आली का पंचाईत! तोवर माझी पाल म्हणजे लांबवरचा करडा डाग होता. मन असंच करतं, डोळे मिटलेले असले तरी तोंड फिरवतं. बोटं मोजायची तर जवळ जाणं आलं. पाच बोटं, टोकाशी पसरट, भिंतीला घट्ट. पोटाची ती फिकट कातडी, आतलं काहीतरी काळपट दाखवणारी. पापणीच नसलेला डोळा आणि त्याच्यावरून फिरणारी जीभ. चिमट्यावरचा आकडा चढला, माझे पाय आपोआप खुर्चीवर आले. 'पळू नका, चित्र बदलू नका, तिथेच थांबा,' एवढंच त्या म्हणत होत्या. बराच वेळ काही होईना. मग आकडा उतरायला लागला, मला न विचारता, आणि शेवटी मला चक्क कंटाळा आला. पालीचा कंटाळा! असलं काही या जन्मात होईल असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ताई म्हणाली, 'यासाठी पैसे मोजतोस? त्यापेक्षा चांगले विचार कर. पाऊस आठव, पक्षी आठव.' तिचं दुर्दैव बघा, नेमकं हेच तपासून झालंय. २०१८ साली कोलोरॅडो विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या संशोधकांनी ६८ जणांना एका आवाजाबरोबर विजेचा सौम्य झटका देऊन त्या आवाजाची भीती बसवली. मग झटके बंद केले. एका गटाला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, दुसऱ्याला तो मनातल्या मनात ऐकायला सांगितला, तिसऱ्याला पाऊस-पक्ष्यांचे छान आवाज कल्पायला सांगितले. पहिल्या दोन्ही गटांची भीती सारखीच ओसरली आणि दोन्हींत कपाळामागचा, खालच्या बाजूचा तोच भाग गुंतलेला दिसला, जो भीतीला लगाम घालायला शिकतो. पाऊस-पक्षीवाले राहिले होते तिथेच.

पद्धतही आजची नाही. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात ती बसवली: अंग सैल सोडायचं आणि कमी भीतीच्या प्रसंगापासून पायरीपायरीने मनात वर चढायचं. १९६३ मध्ये लँग आणि लॅझोविक या मानसशास्त्रज्ञांनी सापाला घाबरणाऱ्या कॉलेजातल्या मुलांवर ती वापरली आणि मग खरा साप समोर ठेवून परीक्षा घेतली. उपचार घेतलेली मुलं इतरांपेक्षा सापाच्या जवळ गेली. याच लँग यांनी पुढे दाखवलं की कल्पनेत नुसतं दृश्य नको, 'घसा कोरडा पडलाय, पाय मागे सरकतायत' हेसुद्धा यायला हवं, मग शरीर जास्त जोरात उत्तर देतं. म्हणून घरी करून बघायचं असेल तर बोटं मोजा, धूसर डागावर समाधान मानू नका आणि भीती चढलेली असताना डोळे उघडू नका. ऐन चढावर सुटका करून घेतली की मेंदू एवढंच शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो'.

ताईने एकदा माझ्या शर्टांच्या खणात रबरी पाल ठेवली होती. तिच्या मते तोही उपचारच. खण तसाच टाकून मी पळालो आणि पुढे कित्येक दिवस तो दुसऱ्याकडून उघडून घेत होतो. त्यातून काय शिकायला मिळालं ते वर लिहिलंच आहे.

आता राहिलेल्या गोष्टी. तो २०१८ चा प्रयोग प्रयोगशाळेत नव्याने बसवलेल्या भीतीवरचा होता, लहानपणापासून मुरलेल्या भीतीवरचा नाही. काहींना मनात चित्र उमटतच नाही. २०२१ च्या एका अभ्यासात अशा लोकांना भीतिदायक गोष्टी वाचायला दिल्या तर त्यांच्या त्वचेला जवळपास घामही आला नाही, फोटो दाखवले तेव्हा मात्र इतरांसारखाच आला. त्यांना ही वाट बहुधा उपयोगाची नाही. भीती पुसलीही जात नाही, तिच्यावर नवं शिक्षण चढतं, त्यामुळे वेगळ्या जागी ती डोकं वर काढू शकते. आणि भीतीच्या भरात चक्कर येत असेल किंवा मागे काही भयंकर घडलेलं असेल तर एकट्याने करू नका, जाणकाराला गाठा.

प्रत्यक्ष प्राण्यासमोर केलेला सराव नुसत्या कल्पनेपेक्षा जास्त गुण देतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे 'खऱ्या पालीसमोर उभा राहा' हे ताईचं आणखी एक म्हणणं अर्धं बरोबर, तेवढे मार्क मी देतो. मात्र ते आधी सांगून, माझ्या तयारीने, आणि थांब म्हटलं की थांबणाऱ्या माणसाबरोबर. हे उरलेलं अर्धं तिला अजून मान्य नाही.