वाचकांचे प्रश्न : पेगन वर्षचक्रातील आठ सण

प्रश्न : इंग्लंडमध्ये शिकणारी माझी भाची 21 जूनच्या पहाटे स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळापाशी सूर्योदय पाहण्यास गेली होती. तेथे जमणारे पेगन (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक धर्मांना मानणारे) लोक वर्षातून असे आठ सण पाळतात, असे तिने कळवले. हे सण प्राचीन काळापासून अखंड चालत आले आहेत काय? ते आज कसे साजरे होतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यांतील काही सण जुने आहेत, आठांची माळ मात्र अलीकडे ओवलेली आहे. 31 ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणारा साविन, 1 फेब्रुवारीचा इम्बोल्क, 1 मेचा बेल्टेन आणि 1 ऑगस्टचा लूनासा यांचे उल्लेख आयर्लंडच्या मध्ययुगीन लेखनात सापडतात. गुरांना रोगराईची बाधा होऊ नये म्हणून बेल्टेनला ती दोन आगट्यांच्या मधून हाकली जात, असे त्यात म्हटले आहे. अयनदिनांचे (सर्वांत लांब व सर्वांत लहान दिवसाचे) दोन आणि संपातदिनांचे (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांचे) दोन सण या चारांना जोडून आजचे वर्षचक्र रूढ झाले, ते 1950च्या दशकात, जेराल्ड गार्डनर यांच्या विक्का या आधुनिक पेगन पंथात आणि रॉस निकोल्स यांच्याभोवतीच्या ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणाऱ्या) मंडळींत. सप्टेंबरच्या संपाताला ‘मेबन’ हे नाव तर 1970च्या दशकात एडन केली या अमेरिकी लेखकाने दिले. त्यामुळे अखंड परंपरेचा दावा टिकत नाही, आणि पुष्कळ पेगनही आता तो करीत नाहीत.

स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. 2500च्या सुमारास उभारले गेले. प्राचीन ड्रुइडांचे लेखी उल्लेख त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी येतात, म्हणून ते त्यांनी उभारले असे म्हणता येत नाही. रचनेचा अक्ष मात्र दक्षिणायनारंभीच्या सूर्योदयाशी आणि उत्तरायणारंभीच्या सूर्यास्ताशी खरोखरच जुळतो. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या प्राचीन वस्तीच्या जागी सापडलेल्या हाडांवरून बरीच डुकरे सुमारे नऊ महिन्यांची असताना, म्हणजे (ती वसंतात जन्मली असे धरून) ऐन हिवाळ्यात मारली गेली असावीत, असे अनुमान निघते. तेव्हा मूळचा मोठा मेळा जूनचा नसून डिसेंबरचा असण्याचा संभव अधिक, ही गोष्ट जूनच्या गर्दीत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आजचे सण बहुधा घरात किंवा लहान मंडळात होतात : रिंगण आखून चार दिशांना आवाहन करतात, ऋतूतील फळे आणि पाव अर्पण करतात व मग एकत्र जेवतात. साविनला दिवंगतांचे स्मरण करतात, तर लूनासाला नव्या धान्याचा पाव भाजतात. एडिंबरा येथील कॅल्टन हिलवर 1988पासून 30 एप्रिलच्या रात्री होणारा बेल्टेनचा अग्निमहोत्सव प्रेक्षणीय असतो. पण त्यात पूजेपेक्षा नाट्याचा भाग मोठा.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असतात. मग तेथील पेगन काय करतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक जण चक्र सहा महिन्यांनी फिरवतात. सर्वांत लांब रात्रीचा यूल ते जूनमध्ये आणि साविन एप्रिलच्या अखेरीस पाळतात. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये बेल्टेनच्या आगट्या पेटतात, तेव्हा मेलबर्नमध्ये पितरांसाठी मेणबत्त्या लावलेल्या असतात.