इंदूरच्या माळावर दिसणारं जांभळ्या फुलांचं झुडूप कोणतं, घरी बियांपासून येईल का?

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली चपटी, टोकाशी जराशी वर वळलेली शेंग बघून वाटतंय की ही उन्हाळीच, म्हणजे शरपुंखा, आपल्याकडे इंदूरात सगळे सरफोंका म्हणतात. पडताळून बघायचं तर देठावरच्या छोट्या पानांपैकी एक दोन्ही टोकांना धरून ओढा, सरळ न फाटता व्ही आकारात तुटलं तर बहुधा तीच.

डाळींच्या कुळातली आहे पण पीक नाही, रानटी आणि बहुवर्षायू. मूळ सोटासारखं खोल जातं म्हणून मुरमाड जमिनीत पण टिकते, उन्हाळ्यात वरून वाळल्यासारखी दिसली तरी बुडखा जिवंत असतो आणि पाऊस पडला की तिथूनच फुटते. पावसाळ्यात एखादं रोप हळूच उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील, एक फोडली आणि आत गुलाबीसर निघाली की समजा जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नायट्रोजन तेच धरतात, त्यामुळे यूरिया वगैरे अजिबात घालू नका.

बी लावताना खरी अडचण सालीची, ती इतकी कडक असते की पाणी आतच शिरत नाही. सॅंडपेपरवर हलकं घासा, रात्रभर भिजवा, मग जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की थेट जागेवरच पेरा. कुंडीतून हलवायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ दुखावलं की रोप बसतं. ऊन भरपूर पाहिजे, पाणी साचायला नको, काळ्या मातीत असाल तर थोडी मुरूम मिसळा.

आणि काढा करून प्यायचा विचार असेल तर आधी वैद्यांना विचारा, हिच्यात मासे गुंगवणारी द्रव्यं असतात.