चिनार बघायला जावं, पण ठेव न मोडता

बाई, नमस्कार.

तुम्ही लिहिता की सोलापुरातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवताना पानांचा रंग का बदलतो हे मुलांना फळ्यावर समजावलं, पण लाल झालेलं झाड स्वतः कधी पाहिलं नाही. आपल्याकडे पानगळ म्हणजे फाल्गुनातला कडुनिंब, पिवळा पडून अंगणभर सांडलेला. आता तुम्ही निवृत्त आहात. ते बघायला दोघांची जपानची सहल सात लाखांची आहे. बँकेतली 12 लाखांची ठेव मोडायची, की मुलगा म्हणतो तसं कर्ज काढून हप्ते त्याला भरू द्यायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही करू नका. पण सहल रद्दही करू नका. तुमचं वय 61, यजमानांचं 66, आणि तुमचे गुडघे कुरकुरायला लागलेत. ही इच्छा पुढे ढकलत राहिलात तर पैसे असतील, पण पाय साथ देणार नाहीत.

आधी ठेवीचं बोलू. यजमानांची गिरणी बंद पडली, त्यांना पेन्शन नाही. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि दोघांचाही आरोग्य विमा नाही. म्हणजे ते 12 लाख हेच तुमचं हॉस्पिटल आहे. त्यातले सात काढले तर उरतात पाच, आणि हृदयाचं दुखणं पुन्हा उद्भवलं तर पाच लाख किती दिवस पुरतील हे तुम्ही एकदा अनुभवलं आहे. शिवाय सात टक्क्यांनी त्या सात लाखांचं वर्षाला 49 हजार व्याज येतं. ते गेलं की दर महिन्याला चार हजार कायमचे कमी झाले. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच.

कर्जाचा हिशेब तर सरळच नको म्हणतो. सात लाख, 14 टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता जवळपास 23,900 रुपये आणि व्याजच एक लाख 61 हजार. मुलाच्या डोक्यावर पुण्यातल्या घराचं कर्ज आधीच आहे. तो प्रेमाने म्हणतो आहे, म्हणूनच तुम्ही नाही म्हणायला हवं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे सहल कंपनीने सरकारसाठी घेतलेला कर, हाही आधीच भरावा लागतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर काही महिने पैसे अडकतात.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, हरितद्रव्य विरतं तेव्हा पिवळा रंग उघडा पडतो आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं. थंडी लांबली की रंगही लांबतो. जपानमधल्या क्योटोत तो साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो, पण पॅकेजची तारीख कित्येक महिने आधी ठरते आणि ती हलत नाही. सात लाख देऊन हिरवी पानं बघून परत आलात तर मला फार वाईट वाटेल.

म्हणून काश्मीर. तिथे शरदाला हरुद म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चिनारची झाडं लाल रंगाने पेटलेली असतात. शालिमार आणि निशात बागा आहेतच, पण काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली नसीम बाग चुकवू नका. गळलेली पानं जाळून त्यांचा कोळसा कांगडीसाठी, म्हणजे हिवाळ्यात ऊब घ्यायच्या शेगडीसाठी, साठवतात, तेही बघा. नऊ-दहा दिवस राहा, म्हणजे रंग थोडा मागेपुढे झाला तरी गाठता येईल. दिवाळीच्या गर्दीचे दिवस मात्र टाळा. आता शाळेच्या सुट्टीची सक्ती नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे.

पैसा कुठून? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले तुमचे 15 लाख 2024 मध्ये 8.2 टक्क्यांनी ठेवलेत. तो दर पाच वर्षं बदलत नाही. तिमाहीला 30,750 रुपये, वर्षाला 1,23,000. तुमच्या पेन्शनीत घर चालून आठ हजार उरतात, म्हणजे या व्याजाला हात लावायची गरज नाही. जानेवारी, एप्रिल आणि जुलैचं व्याज वेगळ्या खात्यात टाका. ऑगस्टअखेर 92,250 हाताशी असतील आणि चिनार लाल होण्याच्या आधी, 1 ऑक्टोबरला, चौथा हप्ता येईल. दोघांचा खर्च मी 90 हजार ते सव्वा लाख धरतो. व्याज लाखाच्या वर जातं, तेव्हा कर कापू नये असा अर्ज एप्रिलमध्येच पोस्टात द्या.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून कटरा, आणि कटऱ्याहून जून 2025 मध्ये सुरू झालेली वंदे भारत श्रीनगरला साधारण तीन तासांत पोचवते. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंद आहे, पूर्ण भाडं धरा. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली होती, तेव्हा हॉटेल आणि हाउसबोट रद्द करता येईल अशाच अटीवर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. यजमानांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि गुलमर्गच्या उंचीवर जायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. हे दिवस गाडी बंगळुरूहून सुटते त्या तारखेपासून मोजतात आणि ती आदल्या संध्याकाळी सुटते, म्हणून सोलापूरहून 28 ऑक्टोबरला निघायचं तर 28 ऑगस्टला सकाळी आठला तयार राहा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या, दोन दिवसांच्या गाडीत तो खर्चही वाचेल.